सापाचे दुखणे

गाय आजारी पडली म्हणजे वैरण सोडते, रवंथ थांबवते, आणि ते गवळ्याच्या तत्काळ ध्यानात येते. कुत्रे कण्हते, मांजर कोपरा धरून बसते, पोपट पिसे फुगवून पेंगत राहतो. मनुष्याच्या सहवासात शतकानुशतके वावरलेल्या या प्राण्यांची सुखदुःखे ओळखण्याची सवय आपल्या डोळ्यांना झालेली आहे. सापाची गोष्ट मात्र निराळी. त्याला कण्हता येत नाही. पापण्या नसल्यामुळे त्याचे डोळे मिटत नाहीत. वेदना उमटावी असा त्याचा चेहराही नव्हे. निरोगी साप दिवसचे दिवस निश्चल पडून राहतो आणि मरणोन्मुख सापही तसाच पडून राहतो. त्यामुळे साप पाहताना लोकांची दोन प्रकारे गल्लत होते. जे स्वाभाविक असते त्याला ते रोग समजतात. आणि जो खरोखर रोग असतो त्याला चमत्कार समजून हात जोडतात. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या हैदराबाद शहरातील पुष्कळांनी रस्त्यावर, देवळाच्या दारात पाहिलेले आहे. त्याकडे आम्ही यथावकाश येऊ. परंतु ते नीट उमजण्यासाठी प्रथम एका परदेशी सापाची ओळख करून घेणे इष्ट होईल.

अमेरिका व कॅनडा या देशांत ‘गार्टर’ नावाचा एक लहानसा साप विपुल आढळतो. पायमोजे घसरू नयेत म्हणून पूर्वी त्यांवर जो पट्टा बांधीत, त्याला इंग्रजीत गार्टर म्हणतात. या सापाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत तसेच फिकट पिवळे पट्टे असतात, म्हणून त्याला हे नाव मिळाले. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस या गावाजवळ चुनखडीच्या विवरांतून हिवाळाभर दडलेले हे साप वसंत ऋतू येताच हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात, आणि तो देखावा पाहण्यास लांबलांबून लोक जातात. मनुष्याला या सापापासून धोका नसल्यामुळे तिकडील मुले त्याला काचेच्या पेटीत पाळतात. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलांनाही हा नाद लागतो, आणि सुट्टीत इकडे आल्यावर ती आपल्या सापाच्या गोष्टी सांगू लागली म्हणजे आजीच्या अंगावर काटा उभा राहतो!

हा गार्टर आपल्याला वाटतो तितका परका नाही. पावसाळ्यात गवतातून सळसळत जाणारी, पाठीवर दोन पिवळसर पट्टे असलेली आपली नानेटी, आणि तळ्यांतून, ओढ्यांतून बेडूक व मासे धरणारा दिवड, हे दोघे त्याच्या भाऊबंदांपैकीच होत; प्राणिशास्त्रज्ञ या तिघांना एकाच उपकुळात घालतात. दिवडाला आपले तेलुगू शेजारी ‘नीरुकट्टे’ म्हणतात. गार्टरची मादी जिवंत पिलांना जन्म देते आणि नानेटी व दिवड अंडी घालतात, हा एक मोठा भेद सोडला तर तिघांची राहणी बरीच मिळतीजुळती आहे. तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशातील साप पकडून घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तेव्हा आमचा हा लेख साप पाळण्याची शिकवणी नव्हे. परंतु गार्टर पाळणाऱ्यांनी व त्यांच्या पशुवैद्यांनी काचेआडून वर्षानुवर्षे जे बारकाईने पाहिले, त्यामुळे सर्वच सापांची प्रकृती समजण्यास मोठे साहाय्य झाले आहे, आणि ते ज्ञान आपल्या उपयोगी पडणारे आहे.

नव्याने साप पाळणाऱ्याला पहिली धास्ती बसते ती सापाच्या डोळ्यांची. काल काळेभोर असलेले डोळे आज दुधाळ, निळसर दिसू लागतात. अंगाचा रंग मळकट होतो. साप अन्नाला तोंड लावीत नाही आणि स्पर्श करताच चिडतो. आपला साप आंधळा झाला, अशी त्या बिचाऱ्याची खात्री होते. वस्तुतः साप कात टाकण्याच्या बेतात असतो. सापाच्या डोळ्यावर पापणीऐवजी एक पारदर्शक खवला असतो. जुन्या व नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठला म्हणजे त्या खवल्यातूनही धुरकट दिसू लागते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर लौकरच साप खरबरीत दगडावर ओठ घासून कात उलटी करीत बाहेर पडतो. आपण घाईने पायमोजा काढावा तशी. वाचकांपैकी कोणाला शेतात किंवा कुंपणापाशी कात सापडली, तर तिचा डोक्याकडील भाग उजेडात धरून पाहावा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, काचेसारखे खवले दिसले, म्हणजे त्या सापाची कात बिनबोभाट निघाली असे समजावे. (कातेच्या लांबीवरून सापाची लांबी मात्र सांगू नये, निघताना ती ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते.) उलटपक्षी कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाशी तिची वळी राहिली, अथवा डोळ्यावरील खवला निघालाच नाही, तर हवेत ओलावा कमी आहे, सापाला पाणी पुरेसे मिळालेले नाही किंवा त्याची प्रकृती ठीक नाही असे मानतात. त्यावर उपाय ओल्या फडक्याचा व धीराचा. चिमट्याने खवला ओढणाऱ्याने सापाचा डोळाच गमावल्याची उदाहरणे आहेत.

दुसरी धास्ती उपवासाची. सापाच्या शरीराला स्वतःची अशी ठराविक उष्णता नसते; ती तो बाहेरून घेतो. पोटातील पचनसुद्धा बाहेरच्या उबेवर अवलंबून असते. डिसेंबरात हैदराबादची रात्र बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते, तेव्हा येथील साप बिळांत स्वस्थ राहतात आणि खाण्याची घाई करीत नाहीत. भर थंडीत पोटात भक्ष्य असले, तर ते पचण्यापूर्वी कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. म्हणून थंडीतला उपवास हा रोग नसून शहाणपण आहे. अंडी किंवा पिले पोटात असलेली मादी, कातेच्या बेतातला साप, नुकतीच जागा बदललेला साप, हेही उपवास करतात. मग काळजी करावी ती केव्हा? पाठीचा कणा बाहेर दिसू लागला, कातडी सुरकुतली, वजन उतरत चालले, म्हणजे. गार्टर पाळणारी शहाणी मुले एका वहीत खाण्याची तारीख, कातेची तारीख आणि वजन लिहून ठेवतात. सापाला बोलता येत नाही, पण ती वही त्याच्या वतीने बोलते; पशुवैद्यही प्रथम तीच मागतो.

अशाच आणखी काही गोष्टी आहेत. मोठा घास गिळल्यावर साप जांभई देतो, कारण गिळताना फाकलेले जबडे त्याला पुन्हा जागेवर बसवावयाचे असतात. हाती धरताच गार्टर, नानेटी व दिवड शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून घाण वासाचा द्रव सोडतात. तो अतिसार नव्हे, ते भय होय. नानेटी भ्याली म्हणजे मान फुगवते आणि खवल्यांमधली रंगीत कातडी दिसू लागते. तिलाही कोणी पुरळ समजू नये. मीर आलम तलावाकाठच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात, जे १९६३ साली लोकांसाठी खुले झाले, सापांच्या काचेपुढे मुलांची नेहमी गर्दी असते. अजगर हालत नाही म्हणून ती काचेवर टकटक करतात. साप अगदी बहिरा नाही; बाह्यकर्ण नसला तरी जमिनीतून व काचेतून येणारी कंपने त्याला चांगली कळतात. न हालणारा अजगर बहुधा पचन करीत असलेला, समाधानी अजगर असतो. त्याला टकटक सोसत पडून राहावे लागते, एवढेच.

आता खऱ्या रोगांकडे वळू. सापाला आपल्यासारखा छाती व पोट विभागणारा पडदा नाही, आणि बहुतेक सापांचे एकच, उजवे फुप्फुस कामाचे असते. त्यामुळे छातीत कफ साठला तर तो खोकून टाकण्याची सोय त्याच्यापाशी जवळजवळ नाही. सर्द, थंड जागेत राहून फुप्फुस बिघडलेला साप तोंड उघडे टाकून, डोके वर करून श्वास घेतो. नाकाशी बुडबुडे येतात, श्वासाचा घरघर आवाज होतो. जांभई क्षणभराची असते, आणि हे चालूच राहते, हा त्या दोहोंतील फरक. तासन् तास पाण्याच्या भांड्यात बुडून राहणे हेही नेहमीचे लक्षण नव्हे. त्यामागे कधी उन्हाळा असतो, कधी कात, आणि कधी खसखशीच्या दाण्याएवढे काळे पिसवे, जे खवल्यांच्या फटीत बसून रक्त पितात आणि ज्यांना बुडवून मारण्याची ती सापाची धडपड असते. हिरड्या लाल होऊन त्यांत दह्याच्या कवडीसारखा घट्ट पू धरला, तर ते मुखरोगाचे चिन्ह. हा शेवटचा रोग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

परंतु गार्टरच्या दुखण्यांपैकी आम्हांला सर्वांत विलक्षण वाटते ते निराळेच. एखादा धष्टपुष्ट, नियमाने मासे खाणारा साप एके दिवशी अकस्मात पिळे घालू लागतो. त्याचे डोके मागे, आकाशाकडे वळते, पालथा केला तर त्याला सरळ होता येत नाही, झटके येतात. पाहणाऱ्याला वाटते की याला विषबाधा झाली, किंवा (आपल्याकडे असते तर) अंगात आले. कारण असते त्याच्या जेवणात. सोनेरी मासा आणि कार्प कुळातील इतर काही मासे यांच्या मांसात असे एक द्रव्य असते की जे ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायामिनचा, नाश करते. महिनोन्महिने असे कच्चे मासेच खाणाऱ्या सापाच्या मज्जातंतूंना हे जीवनसत्त्व मिळत नाही. पोट भरलेले असते आणि मज्जातंतू उपाशी असतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत लोकरीसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे मासे घातल्यामुळे त्यांना अशाच प्रकारचा पक्षाघात झाला होता, आणि या रोगाचा माग शास्त्रज्ञांना त्यातूनच लागला.

विज्ञानाच्या पुस्तकात ‘बेरीबेरी’ हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला आहे. जावा बेटात क्रिस्तियान आयकमन या डच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे पाहिले की पॉलिशचा पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्याला १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. थायामिन न मिळालेल्या कोंबडीच्या पिलाची मानही मागे, आकाशाकडेच वळते. कोंबडीचे पिलू, कोल्हा, मनुष्य आणि गार्टर साप यांचे मज्जातंतू एकाच गोष्टीसाठी अडून बसतात, हे वाचून आम्हांला तरी मोठे नवल वाटले. पशुवैद्याने वेळीच थायामिन टोचले, तर झटके येणारा साप पुष्कळदा थोड्याच अवधीत शांत होतो. प्रतिबंध त्याहून सोपा आहे. मासे काही मिनिटे सुमारे ८० अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवले म्हणजे ते घातक द्रव्य निकामी होते; शिवाय गांडुळे, उंदराची पिले असा पालट अन्नात ठेवावा. ज्याला लोक ‘अंगात येणे’ म्हणतील, त्याचा उलगडा स्वयंपाकघरात निघतो तो असा.

आणि आता आपण आपल्या गावी परत येऊ. श्रावणातील नागपंचमीला, तसेच तेलुगू घरांतून कार्तिकातील नागुला चवितीला, नागाची पूजा होते. ती वारुळापाशी किंवा दगडी नागप्रतिमेपाशी झाली, तर तिच्याविषयी आम्हांला काहीच म्हणावयाचे नाही. परंतु गारुड्याच्या टोपलीतील जिवंत नाग दारी येतो, तेव्हा वर सांगितलेली लक्षणे आठवून त्याच्याकडे पाहावे. तो दूध पितो, हा भाविकांना चमत्कार वाटतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची पिले आईचे दूध कधीच पीत नाहीत. ते पचविण्याची तयारी त्यांच्या शरीरात नाही. तरी नाग ते पितो, कारण सणाच्या आधी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंबही दिलेला नसतो. तहानेने व्याकूळ झालेला तो जीव पुढे येईल तो द्रव पितो. न पिणाऱ्याच्या तोंडात ते बळे ओततात, आणि तेथे अनर्थ ओढवतो. मोठे भक्ष्य गिळतानाही श्वास घेता यावा म्हणून सापाच्या श्वासनलिकेचे तोंड अगदी पुढे, खालच्या जबड्यावर असते. ओतलेले दूध सरळ त्या एकुलत्या एका कामाच्या फुप्फुसात उतरते. ज्याला खोकता येत नाही, त्याच्या छातीत दूध! नागपंचमीनंतर यांतले कित्येक नाग मरतात, आणि पूजा करणाऱ्याच्या ते कधी कानीही जात नाही.

नाग पुंगीवर डोलतो, हेही तसेच. फणा काढणे ही नागाची भीतीची मुद्रा आहे. समोर हालणाऱ्या पुंगीवर आणि गारुड्याच्या मुठीवर तो नजर ठेवतो व त्यांच्याबरोबर वळतो. कसलेही सूर न काढता नुसती पुंगी हालविली तरी तो तितकाच डोलेल. काही वेळाने तो फणा मिटतो आणि टोपलीच्या तळाशी डोके टाकतो. तेव्हा ‘देव प्रसन्न झाला’ असे म्हणतात. वस्तुतः तो थकलेला असतो. त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले तर हिरड्या सुजलेल्या असण्याचा संभव असतो, कारण विषदंत चिमट्याने उपटलेले असतात, आणि काही नागांचे ओठ तर दोऱ्याने शिवून केवळ दूध जाईल एवढी फट ठेवलेली असते. मघाशी सांगितलेला मुखरोग येथूनच सुरू होतो. शिवण्याचे कारणही समजण्याजोगे आहे: नागाचे विषदंत पडले तरी त्यांच्या मागे राखीव दंत तयार असतात आणि काही आठवड्यांत ते जागेवर येतात. दात काढलेला नाग निरुपद्रवी असतो, या समजुतीवर विसंबून गारुडीही प्राणांस मुकलेले आहेत. डोळ्यांत गेलेले हळदकुंकू ही आणखी एक पीडा. ज्या डोळ्याला पापणी नाही, त्याने ते झटकावे कसे?

गारुड्यांना दोष देऊन मोकळे होणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या हाच ज्यांचा चरितार्थ, त्यांना दुसरे काम मिळाल्याशिवाय टोपली सुटणार नाही. तमिळनाडूत इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांनी १९७८ साली सहकारी संस्था स्थापिली, आणि आज ते साप धरून त्यांचे विष काढतात व त्यांना पुन्हा रानात सोडतात; त्या विषापासून सर्पदंशावरील औषध तयार होते. हा मार्ग आम्हांला निव्वळ बंदीपेक्षा अधिक आशादायक वाटतो. आपल्याकडे विष आणि औषध यांचे हे कार्य मुंबईच्या हाफकिन संस्थेत फार पूर्वीपासून चालत आले आहे. तेथील डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतीय सापांवर लिहिलेले पुस्तक १९६५ साली राष्ट्रीय पुस्तक न्यासाने प्रसिद्ध केले होते. ग्रंथालयात ते कोठे हाती लागले तर जिज्ञासूंनी अवश्य चाळावे.

हैदराबादेत ‘फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी’ ही संस्था १९९५ पासून घरांत, अंगणांत शिरलेले साप उचलून रानात पोहोचविण्याचे काम करीत आहे. नागपंचमीच्या सुमारास वनखात्याचे अधिकारी व असे स्वयंसेवक देवळांच्या परिसरात फिरून टोपल्यांतील नाग ताब्यात घेतात. आपल्या घरी साप निघाला, तर त्याच्यावर दुरून नजर ठेवावी, त्याला बाहेर जाण्यास वाट मोकळी असू द्यावी आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. आपण काठी अथवा हात घालू नये. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता, चीरफाड न करता, विलंब न लावता सरकारी इस्पितळ गाठावे.

सोडवून आणलेल्या नागाची शुश्रूषा हे मात्र काही तासांचे काम नव्हे. प्रथम ओठांचे टाके कापून तोंड औषधी पाण्याने धुतात. मग त्याला उबदार, अंधाऱ्या जागी स्वच्छ पाण्याच्या भांड्यासह एकटे ठेवतात. अशक्त असेल तर शरीरात द्रव टोचतात, फुप्फुसाच्या रोगावर औषध देतात. अन्न शेवटी, इतक्या दिवसांच्या उपवासानंतर एकदम मोठा उंदीर पुढे टाकला तर तो ओकून निघतो. अनेक आठवड्यांनी विषदंत पुन्हा उगवले, कात एकसंध निघाली आणि त्याने आपले भक्ष्य आपण धरले, म्हणजे वनखात्याच्या संमतीने त्याला दूर रानात सोडतात. ज्याच्या विषग्रंथीच कापून टाकलेल्या असतात, त्याला मात्र सोडता येत नाही. नागाचे विष हे त्याचे भक्ष्य मारण्याचे साधन आहे. ते गेले म्हणजे रानात उंदीर असूनही तो उपाशी मरेल. अशा नागाला उरलेले आयुष्य काचेआड, दुसऱ्याने दिलेल्या अन्नावर काढावे लागते.